‘शून्य घर्षण’ आणि फळ्यावरची करवत

घर्षण शिकवताना आपण बहुतेक सारे शिक्षक फळ्यावर एक ठरावीक आकृती काढतो. एकावर एक ठेवलेले दोन पृष्ठभाग, दोघांनाही करवतीसारखे दाते आणि ते एकमेकांत अडकलेले. मग वाक्य येते : पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी. दुसरीकडे वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, की अमुक प्रयोगशाळेत ‘शून्य घर्षण’ साधले. वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी ते कात्रण आणून विचारतो, ‘‘सर, मग आता गाडीला पेट्रोल लागणारच नाही का?’’ आमच्या मते ही आकृती आणि ही बातमी, दोन्ही अर्धवट आहेत. मात्र एकीच्या मदतीने दुसरी सुधारता येते.

आधी आकृती पाहू. दाता चढायला ऊर्जा लागते हे खरे; पण पलीकडे उतरताना ती परत मिळायला हवी. मग हात चोळल्यावर ते गरम का होतात? हा आक्षेप जॉन लेस्ली यांनी १८०४ सालीच घेतला होता. दुसरी अडचण अशी, की धातूचे दोन अत्यंत स्वच्छ व सपाट पृष्ठभाग निर्वातात एकमेकांवर टेकवले तर ते घसरण्याऐवजी चिकटून बसतात. म्हणजे गुळगुळीतपणा वाढला की घर्षण घटतेच, असे नाही. बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते थोड्याशा उंचवट्यांच्या माथ्यांवरच, आणि तेथे ते एकमेकांना धरून ठेवतात.

आता अणूंच्या पातळीवर जाऊ. घसरणारा अणू समोरच्या अणूंमधल्या खाचेत अडकतो, ताण वाढला की एकदम सुटतो आणि पुढच्या खाचेत आदळून थरथरतो. ही थरथर म्हणजेच उष्णता. लेस्ली यांच्या प्रश्नाचे उत्तर या उडीत आहे.

मग ही उडीच टाळता आली तर? जपानमधील हिरानो व शिंजो यांनी १९९० च्या सुमारास गणिताने दाखवले, की दोन स्वच्छ स्फटिकांतील अणूंची मांडणी एकमेकींशी जुळत नसेल, तर एक अणू चढत असताना दुसरा उतरत असतो. एकाला लागणारी ऊर्जा दुसरा पुरवतो. लेस्ली यांचा हिशेब येथे जवळजवळ पुरा होतो! या अवस्थेला ‘सुपरल्युब्रिसिटी’ हे नाव मिळाले. २००४ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे डीनविबेल, फ्रेंकन व सहकाऱ्यांनी ग्राफाइटचा अतिसूक्ष्म पापुद्रा ग्राफाइटवरच सरकवून हे तपासले. मांडणी जुळली की घर्षण मोठे. पापुद्रा थोडा फिरवला की ते जवळजवळ नाहीसे. सुमारे ६० अंशांनी पुन्हा मोठे. पदार्थ तोच, गुळगुळीतपणाही तोच. बदलला तो फक्त कोन.

हे वर्गात दाखवायला अंड्यांचे दोन कागदी ट्रे पुरतात. एकावर एक सरळ ठेवले की ते घट्ट बसतात, आडवे सरकत नाहीत. वरचा ट्रे वीस-तीस अंशांत फिरवून ठेवला की सहज सरकतो. कागदाचे घर्षण उरतेच, पण अडकणे संपते.

आता बातमी. तिच्यावर आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, शून्य हे शून्य नसते. अतिसंवाहकतेत विद्युतरोध खरोखर शून्य होतो. सुपरल्युब्रिसिटी या नावामुळे तसाच समज होतो. पण येथे घर्षण गुणांक ०.०१ पेक्षा कमी असला तरी हे नाव देतात. दुसरा, निव्वळ आकडा नवा नाही. चांगल्या बॉल बेअरिंगचा परिणामी गुणांक ०.००१ ते ०.००२ इतका असतो. नवल आहे ते तेल किंवा गोळ्यांविना, कोरड्या घसरण्यात तो गाठण्याचे. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा : अटी गाळल्या जातात. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बर्मन, एर्डेमिर, अनिरुद्ध सुमंत आदींनी २०१५ साली हिऱ्याच्या सूक्ष्म कणांभोवती ग्रॅफीन गुंडाळले जाऊन डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराच्या पृष्ठभागांमध्ये सुमारे ०.००४ गुणांक मिळतो असे दाखवले. पण कोरड्या नायट्रोजनमध्ये. दमट हवेत ग्रॅफीनच्या गुंडाळ्याच होत नाहीत आणि घर्षण मोठेच राहते. शिवाय ग्राफाइटवरचा ग्राफाइटचा पापुद्रा आपोआप फिरून पुन्हा जुळत्या कोनात अडकू शकतो. म्हणून २०१८ साली ग्राफाइट आणि बोरॉन नायट्राइड ही जोडी वापरली गेली. त्यांच्या अणूंमधील अंतरांत सुमारे पावणेदोन टक्के फरक असल्याने ती कोणत्याच कोनात पूर्ण जुळत नाहीत.

याचा अर्थ हे संशोधन कमी मोलाचे, असा मुळीच नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा घर्षणावर मात करण्यात खर्च होतो, असा अंदाज होल्मबर्ग व एर्डेमिर यांनी २०१७ साली मांडला. त्यातला थोडा भाग वाचला तरी लाभ मोठा आहे. पण त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे ते असे : पेट्रोलच्या ऊर्जेचा मोठा भाग इंजिनातून उष्णता म्हणून निघून जातो, हवेचा विरोध उरतोच आणि टायर व रस्ता यांतले घर्षण तर आपल्याला हवेच असते.

फळ्यावरची करवत पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी एक प्रश्न लिहा : ‘उतरताना ऊर्जा परत का मिळत नाही?’ आणि कात्रण आणणाऱ्या मुलाला आणखी तीन विचारायला शिकवा : कशावर काय घसरले, केवढ्या आकाराचे आणि कोणत्या हवेत? बातमी वाचण्याची ही सवय त्याला घर्षणाचा धडा संपल्यावरही उपयोगी पडेल.