जानेवारीतला वर्ग म्हणजे बीडची मुलं नव्हेत : आरोग्य-सवयींच्या एका प्रश्नावलीची चिकित्सा

'किशोरवयीन मुलांच्या आरोग्यविषयक सवयींचा अभ्यास' हा विषय तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या सिनॉप्सिसवर असणारच. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, शारीरिक शिक्षण, सगळीकडे तो चालतो. पद्धतही ठरलेली. एखादी प्रमाणित प्रश्नावली घ्यायची, मराठीत आणायची, आठ-दहा शाळांत भरून घ्यायची, टक्केवारी आणि काय-स्क्वेअर काढायचं, शेवटी 'जाणीवजागृतीची गरज आहे' असं लिहायचं. आज अशाच एका प्रश्नावलीकडे बारकाईनं पाहू या आणि ती बीड जिल्ह्यात वापरली तर काय होतं ते तपासू या.

प्रश्नावली साधीसुधी नाही. ग्लोबल स्कूल-बेस्ड स्टुडंट हेल्थ सर्व्हे, म्हणजे जीएसएचएस. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सीडीसी यांनी मिळून ती तयार केली आणि शंभरएक देशांत ती वापरली गेली आहे. खाणं, दात-हात धुणं, व्यायाम, तंबाखू, दारू, मारामारी, एकटेपणा असे विषय त्यात येतात. निवडही शास्त्रशुद्ध असते. आधी पटसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडायच्या, मग त्यातले वर्ग, आणि निवडलेल्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी पात्र. नाव लिहायचं नाही, एका तासिकेत भरून द्यायचं.

तिचे गुण आधी मान्य करू. नाव नसल्यामुळं मुलं मोकळेपणानं लिहितात. 'तुम्ही सकस खाता का?' असला गुळगुळीत प्रश्न त्यात नाही. गेल्या ३० दिवसांत घरात पुरेसं अन्न नसल्यामुळं किती वेळा उपाशी राहावं लागलं, असं थेट विचारलेलं आहे. आपल्याकडच्या कित्येक घरगुती प्रश्नावल्यांपेक्षा ती शंभरपट बरी. म्हणूनच तिची चिकित्सा करण्यात अर्थ आहे. चांगलं हत्यार कुठं अडतं हे कळलं, तरच ते नीट वापरता येतं.

पहिली अडचण : वर्गात कोण नाही?

भारतात २००७ मध्ये हे सर्वेक्षण झालं ते सीबीएसईच्या शाळांमध्ये. म्हणजे बीडच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा राज्य मंडळाच्या हायस्कुलात शिकणारी मुलगी त्या 'भारतात' मोजलीच गेली नव्हती. त्यामुळं 'भारतीय किशोरवयीनांमध्ये अमुक टक्के' असं वाक्य त्या अहवालावरून तुम्ही लिहिलंत, तर तिथंच पहिली चूक होते.

आता समजा, तुम्ही ती बीडच्याच शाळांत भरून घेतलीत. कधी? बहुतेक जण दिवाळीनंतर जातात. शाळा सुरळीत असतात आणि परीक्षा लांब असतात. पण नेमका तोच काळ उसाच्या गाळप हंगामाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत 'कोयते', पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. अनेकांची मुलंही बरोबर जातात. पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं.

जीएसएचएसमध्ये गैरहजर मुलांसाठी भारांकन करतात, म्हणजे हजर मुलांच्या उत्तरांना थोडं जास्त वजन देतात. हिशेब करून बघू. समजा पटावर ४० मुलं, जानेवारीत हजर २६. तर प्रत्येक हजर मुलाला साधारण दीडपट वजन मिळेल. २६ पैकी २० जण म्हणाले, 'मी रोज आठ तास झोपतो', तर तुम्ही लिहाल ७७ टक्के. पण गेलेल्या १४ पैकी एकालाही तेवढी झोप मिळत नसेल, तर खरा आकडा ५० टक्के. सगळ्यांना मिळत असेल, तर ८५. म्हणजे तुमच्याकडच्या माहितीवरून इतकंच म्हणता येतं, की उत्तर ५० ते ८५ च्या मध्ये कुठंतरी आहे. भारांकनानं ७७ हा एकच आकडा हातात येतो तो एका गृहीतकावर: न आलेली मुलं आलेल्या मुलांसारखीच आहेत. तापानं घरी राहिलेल्या मुलाबाबत हे चालून जाईल. पण जो आईबापांबरोबर फडावर आहे, पहाटेच्या अंधारात उठतो, पाचटाच्या कोपीत राहतो आणि धाकट्या भावाला सांभाळतो, तो वर्गातल्या मुलासारखा आहे, हे कशावरून धरायचं?

आणखी एक. शाळा सुटली की आठवीपर्यंतच्या मुलाचं शाळेतलं दुपारचं जेवणही सुटतं. म्हणजे ज्या कारणानं मूल तुमच्या नमुन्यातून गळतं, त्याच कारणानं त्याचा आहारही बदलतो. ही गळती निव्वळ योगायोगाची नाही. गळण्याचं कारण आणि मोजायची गोष्ट एकमेकांत गुंतलेली असतील, तर नमुना कितीही मोठा करा, दोष जात नाही.

दुसरी अडचण : प्रश्न काय मोजतो?

गेल्या ७ दिवसांत किती दिवस तुम्ही रोज एकूण ६० मिनिटं शारीरिक हालचाल केलीत, असा एक प्रश्न आहे. उदाहरणं दिलेली असतात धावणं, भरभर चालणं, सायकल, नाच, फुटबॉल अशी. आता पंधरा वर्षांची मुलगी दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. ती काय उत्तर देईल? सातपैकी सात दिवस. तुमच्या तक्त्यात ती सगळ्यात 'सक्रिय', म्हणजे निरोगी जीवनशैलीची.

कामातले कष्ट आणि फावल्या वेळातला व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमन यांनी प्रौढ कामगारांच्या अभ्यासातून 'फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी पॅराडॉक्स' ही कल्पना मांडली ती याच फरकावर. व्यायाम आपण थकलो की थांबवतो. मोळी मुकादम सांगेपर्यंत थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्याच प्रौढांसाठीच्या जीपॅक या प्रश्नावलीत काम, प्रवास आणि फावला वेळ यांचे प्रश्न वेगळे आहेत. मुलांच्या प्रश्नावलीत कामाचे प्रश्न वेगळे नाहीत, जणू मूल काम करत नसणार असं त्यात धरलेलं आहे.

दुसरं उदाहरण मिसरीचं. दिवसातून किती वेळा दात घासता, असा प्रश्न आहे. मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. पण लावणाऱ्या बाईच्या लेखी ते दात घासणंच असतं. तंबाखूच्या प्रश्नात मिसरीचं नाव घेतलं नाहीत, तर आईबरोबर दोनदा मिसरी लावणारी मुलगी 'दिवसातून दोनदा दात घासते' या चांगल्या सवयीत जमा होईल. स्थानिक उदाहरणं घालायची मुभा प्रश्नावलीतच आहे. भाषांतर करणाऱ्यानं ती वापरायला हवी.

तिसरी अडचण : 'सवय' हा शब्द

सवय म्हटलं की तिच्यात निवड येते, आणि निवड म्हटलं की दोष व्यक्तीच्या माथी येतो. बीडमध्ये याची किंमत काय असते, ते २०१९ मध्ये दिसलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहातली एक. याला 'मासिक पाळीच्या स्वच्छतेबाबत अज्ञान' म्हणून मोकळं होता येतं. पण एक दिवस काम बुडालं की 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि उचल फेडायची आहे. एवढं समोर ठेवलं की 'सवय' हा शब्द अपुरा वाटायला लागतो. आणि हेही बघा, की हा आकडा दिसला तो ऊसतोड करणाऱ्या बायकांची वेगळी मोजणी झाली म्हणून. जिल्ह्याच्या सरासरीत तो विरून गेला असता.

तुम्ही म्हणाल, मग शाळा सोडून घरोघरचं सर्वेक्षण घ्यावं. उत्तम. एनएफएचएस-५ नुसार बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९. शाळेतल्या प्रश्नावलीला हे कधीच कळलं नसतं, कारण लग्न झालेली सतरा वर्षांची मुलगी वर्गात बसलेलीच नसते. पण तिथंही कुलूपबंद घर हे कुलूपबंद घरच असतं, आणि मुलाखत होते आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्या स्त्रियांची. हंगामात ती बाई कुठं झोपली होती, हा प्रश्न उरतोच.

मग करायचं काय?

प्रश्नावली फेकून देऊ नका. पण एवढं करा.

एक, शाळेत गेलात की हजेरीपटाबरोबर पूर्ण पट मागा. पटावर किती, हजर किती, स्थलांतरित किती, हे तीनही आकडे प्रबंधात छापा.

दोन, एकदा जुलै-ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत जा. एकच फेरी शक्य असेल तर पावसाळ्यात जा, आणि ते शीर्षकातच सांगा.

तीन, हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे मागं राहिलेली मुलं हा वेगळा गट धरा. ती 'न गेलेली' आहेत, पण आईबाप असलेल्या घरात नाहीत.

चार, 'तुम्हाला कोणत्या सवयी आहेत?' याऐवजी कालच्या दिवसाचा हिशेब विचारा. कधी उठलास, काय खाल्लंस, काय काम केलंस, कधी झोपलास. आणि प्रत्येक ठिकाणी हे कुणी ठरवलं, तेही.

पाच, गेलेल्या मुलांविषयी माहिती नसेल, तर वर केला तसा खालचा आणि वरचा आकडा द्या. व्हायव्हात कुणी म्हणेल, इतका रुंद पल्ला काय कामाचा? सांगा, की तो रुंद आहे कारण इतकी मुलं आम्हाला भेटलीच नाहीत. हाही निष्कर्षच आहे.

हे एवढं का, तर प्रबंध कपाटात जातो पण आकडा बाहेर फिरत राहतो. 'बीडच्या ७७ टक्के मुलांना पुरेशी झोप' असं एकदा छापून आलं, की वसतिगृहाची, पाळणाघराची, फडावरच्या शाळेची मागणी करणाऱ्याच्या तोंडावर तोच आकडा फेकला जाईल. म्हणून सिनॉप्सिस जमा करण्याआधी तुमच्या शीर्षकातला 'मुलांच्या' हा शब्द तपासा. त्यात नेमकी कोणती मुलं येतात, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर प्रश्नावली छापायला टाकू नका.