टिळकांच्या पुतळ्यापाशी

‘मुक्तिबोध तसे आपलेच,’ हे वाक्य मराठी साहित्यिक गप्पांत हमखास येतं. मीही ते टाकलेलं आहे. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र ‘नवी मळवाट’चे कवी, एवढं सांगितलं की गजानन माधव मुक्तिबोधांना वाचायची जबाबदारी टळते.

दुसरी पळवाट त्यांच्या आयुष्याची. १९१७ साली श्योपूरला जन्म, १९४३च्या ‘तार सप्तक’मध्ये कविता, मास्तरकी, नागपुरातली पत्रकारिता, १९५८पासून राजनांदगावच्या कॉलेजात प्राध्यापकी. ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत मृत्यू, आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र संग्रह त्यानंतर. अशा गोष्टीवर हळहळ आपोआप येते, आणि हळहळणाऱ्याला कविता वाचायची फारशी घाई नसते.

‘अंधेरे में’ ही दीर्घकविता मी बरीच वर्षं त्या हळहळीतूनच वाचली: एका एकट्या, घाबरलेल्या माणसाचं दुःस्वप्न म्हणून. ते वाचन आज मला चुकीचं वाटतं. मध्यरात्री बँड वाजवत एक मिरवणूक निघते. तिच्यात सैन्य आहे; डोमाजी उस्ताद या कुख्यात खुन्याबरोबर मंत्री, उद्योगपती, कवी, समीक्षक चालले आहेत. दिवसाउजेडी सगळे प्रतिष्ठित. कवितेतला ‘मी’ त्यांना पाहतो, आणि पाहिलं म्हणूनच त्याच्या जिवावर बेततं. ही भीती आजाऱ्याची नाही, साक्षीदाराची आहे. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने ज्याच्या इतिहासाच्या पुस्तकावर बंदी घातली, त्या माणसाला असा धाक कल्पनेतून आणावा लागला नसणार.

पुढे टिळकांचा पुतळा येतो. त्याच्या नाकातून रक्त वाहतं. आपण टिळकांना जयंतीला हार घालून मोकळे होतो. मुक्तिबोध त्या दगडालाच जखम करतात. मग गांधी भेटतात आणि ‘मी’च्या हाती एक मूल देतात. ते रडतं, त्याला थोपटत चालावं लागतं. चालता चालता खांद्यावर मुलाच्या जागी सूर्यफुलं येतात, आणि नंतर बंदूक.

ही बंदूक मला अजून पटलेली नाही. गांधींनी सोपवलेल्या मुलाचं असं रूपांतर कवितेने कमावलंय असं वाटत नाही. तिथे कवीची श्रद्धा कवितेच्या पुढे धावते. पण पुतळ्याचा प्रसंग मात्र पाठ सोडत नाही.

आणि मिरवणुकीतली ती यादी. तिच्यात समीक्षकही आहेत, हे माझ्या पहिल्या टिपणात मी चक्क गाळलं होतं.