फाळक्यांच्या आगकाड्या आणि ल्युमिएरांचा माळी

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१३ हे साल, एवढं आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. विज्ञानाच्या तासाला मात्र त्याच्या आदल्या वर्षीचा एक इवलासा चित्रपट आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. त्याचं नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर महिनाभर कॅमेरा ठेवून तो घेतला होता. पडद्यावर मिनिटभरात बी रुजून वेल वर चढते.

रोज एक चित्र घेतलं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. हिशेब करून पाहा. मूकपट सेकंदाला साधारण १६ चित्रं या वेगानं चाले. मग ३० चित्रं दोन सेकंदही पुरणार नाहीत! मिनिटभरासाठी ९६० हवीत, म्हणजे दिवसाला ३२. उजेडाचे बारा तास धरले, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक.

हीच युक्ती फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये नुसत्या गमतीसाठी वापरली. काडी जराशी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. काड्या आपोआप हलताना दिसतात, कारण सरकवणारा हात एकाही चित्रात नसतो. कारण आपल्यापासून लपलेलं असतं आणि म्हणून हसू येतं.

याच्या नेमका उलटा विनोद फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंच्या १८९५ सालच्या चित्रपटात आहे. माळी नळीनं बागेला पाणी घालतोय. मागून एक पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो, आणि फवारा थेट तोंडावर! माळ्याचा तर्क काही वेडगळ नाही. पाणी थांबलं, तर तोंडाशी काही अडकलं असेल, हे गृहीतक तपासायला तो वाकतो. खरं कारण त्याच्या पाठीमागे आहे, आणि ते फक्त आपल्याला दिसतंय. पुढे तो पोराला पकडून मारतो, तो भाग आम्हाला उगाच लांबवलेला वाटतो. गंमत डोकावण्यापाशीच संपलेली असते.

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडच्या एका शाळेत, आम्ही हा चित्रपट मुलांना तीनदा दाखवला. तिसऱ्या वेळी मुलं माळी सोडून पोराच्या पायाकडे बघत होती. “त्याने आधी मागं बघायला पायजे होतं,” असं एका मुलीनं बजावलं. निरीक्षणाचा धडा याहून वेगळा काय असतो!

फाळक्यांचे हे दोन्ही लघुपट आज पाहायला मिळत नाहीत. युक्ती मात्र हातात आहे. इकडे भात कापल्यावर शेतात वाल घालतात, म्हणून वाटाण्याऐवजी वालच पेरला. खिडकीत मोबाइल पक्का बसवला आणि अकरा ते पाच, दर पाव तासाला एक चित्र घेतलं. दिवसाची २५ झाली, दहा दिवसांत अडीचशे, म्हणजे सोळा सेकंदांचा चित्रपट! रात्री शाळा बंद, त्यामुळे दर दीड सेकंदाला रोप टुणकन उडी मारतं. रविवारची उडी सगळ्यांत मोठी. तिथेच मुलं सर्वांत जास्त हसली, आणि मग रात्रीची चित्रं कशी घ्यायची यावर भांडू लागली.