अतिवास्तववाद आणि प्रभाकर बरवे

अतिवास्तववाद : (सररिअॅलिझम). पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये उदयास आलेला कला-साहित्यविषयक संप्रदाय. आंद्रे ब्रताँ याने १९२४ मध्ये त्याचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाच्या आधारे, बुद्धीच्या नियंत्रणातून मुक्त झालेल्या अबोध मनाचा आविष्कार करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. चित्रकलेत त्याच्या दोन धारा दिसतात : मासाँ व मीरो यांची स्वयंस्फूर्त रेखनाची आणि दाली व माग्रीत यांची स्वप्नसदृश प्रतिमा काटेकोर वास्तवदर्शी तंत्राने रंगविण्याची. पहिलीतून अमेरिकेतील अमूर्त अभिव्यक्तिवादास चालना मिळाली. दुसरीने विसंगत वस्तूंच्या अनपेक्षित सान्निध्याचे तत्त्व उत्तरकालीन चित्रकलेस दिले.

मराठी चित्रकारांत या दुसऱ्या धारेशी प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांचे नाव वारंवार जोडले जाते. रायगड जिल्ह्यातील नागाव हे त्यांचे जन्मग्राम. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले. तेथील वाराणसीच्या वास्तव्यात त्यांचा तांत्रिक प्रतीकांशी परिचय झाला व त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांवर त्यांची छाप उमटली. पुढे मात्र घड्याळ, पान, फळ, ढग यांसारख्या नित्य परिचयाच्या वस्तू त्यांच्या चित्रांत आल्या. एनॅमल रंगांच्या सपाट, शांत पृष्ठभागावर त्या परस्परांपासून सुट्या, जणू तरंगत राहतात; त्यांची प्रमाणे व्यवहारातील प्रमाणांशी जुळत नाहीत.

हे साम्य खरे असले, तरी ते वरवरचे आहे. माग्रीतची प्रतिमा प्रेक्षकाच्या तर्कास धक्का देते. दालीची प्रतिमा त्याच्या सुप्त वासना व भय यांना आवाहन करते. बरवे यांच्या चित्रांत धक्का नाही, भयही नाही. वस्तू आणि अवकाश यांचे नाते पुनःपुन्हा तपासणारे जागृत मन तेथे कार्यरत असते. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेचा घेतलेला शोध याच वृत्तीचा द्योतक आहे. त्यामुळे त्यांना सरसकट अतिवास्तववादी म्हटल्यास त्यांच्या कलेतील चिंतनाचा गाभाच दृष्टीआड होतो. पाश्चात्त्य संप्रदायाची रचनायुक्ती स्वीकारून तिचे प्रयोजन बदलणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनात्मक प्रदर्शनात चित्रांबरोबर त्यांच्या टिपणवह्याही मांडण्यात आल्या होत्या.