‘धूमकेतू’मधले गुपित

जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही विज्ञानकथा दिल्ली-नोएडाच्या अनेक मुलांना ठाऊक आहे, पण मराठीतून नव्हे. एनसीईआरटीच्या आठवीच्या ‘इट सो हॅपन्ड’ या पूरक वाचनाच्या पुस्तकात ती बरीच वर्षे इंग्रजीत, दोन भागांत होती. पंजाबी, मल्याळी, बंगाली घरांतल्या मुलांनी ती वाचली. तिचा लेखक मराठीत लिहीत असे, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नसते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात, खिडक्या लावून बसायच्या दिवसांत, मी ही कथा पुन्हा वाचली आणि पूर्वी कधी न खटकलेली एक गोष्ट खटकली.

कथा थोडक्यात अशी. दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. आपल्या दुर्बिणीतून ते एक नवा धूमकेतू शोधतात, त्याला त्यांचेच नाव मिळते. पत्नी इंद्राणीदेवींना हे लक्षण शुभ वाटत नाही. तिकडे इंग्लंडमध्ये एका शास्त्रज्ञाच्या गणितातून निघते, की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. ते गणित छापू दिले जात नाही. निवडक शास्त्रज्ञ गुपचूप जमतात आणि अवकाशात अणुस्फोट घडवून धूमकेतूची वाट वळवायचे ठरते. या बैठकीहून दत्तदा घरी परततात, तर घरात यज्ञ मांडलेला आणि त्यात नातवालाही गोवलेले! संकट टळते. इंद्राणीदेवींच्या लेखी ते यज्ञामुळे टळते.

विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा, असा या कथेचा धडा सहज काढता येतो, आणि नारळीकरांचा रोखही तोच आहे. पण इंद्राणीदेवींपाशी दुसरे काय होते? धूमकेतू येतो आहे एवढे लोकांना कळू दिले. तो आदळणार आहे आणि त्यावर काही उपाय चालला आहे, हे दडवले. लोक बिथरतील म्हणून. ज्यांना गणित सांगितलेच नाही, त्यांनी गणितावर भरवसा ठेवला नाही म्हणून त्यांना हसायचे, यात मला अन्याय दिसतो. कथेत तर्क विमानाने लंडनला जातो आणि भीती घरातल्या बाईच्या वाट्याला येते. (नातवाला आजोबांनी दुर्बीण धरायला शिकवले की नाही, याची चर्चा शाळेत व्हायला हवी होती.)

हा प्रश्न मला दिल्लीत बसून पडावा, याला कारण आहे. ‘धूमकेतू’ म्हणजे धूर हाच ज्याचा ध्वज. नोव्हेंबरात आमच्या गच्चीवरून दत्तदांची दुर्बीण रोखली, तर तिला धूरच दिसेल. मराठी वर्तमानपत्रे त्याला ‘धुरके’ म्हणतात. धूर आणि धुके यांचा हा सांधा मला आवडतो, कारण तो काही लपवत नाही. लपवतात ती विशेषणे. २०१५ पासून आपल्याकडे हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक आहे. आठ प्रदूषके मोजतात, त्यांतले जे सर्वांत वाईट, त्याचाच आकडा त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. आकड्याला सहा नावे दिली आहेत. त्यांतले दुसरे हिंदीत ‘संतोषजनक’, आपल्या भाषेत ‘समाधानकारक’. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ३१ ते ६० मायक्रोग्रॅम असली, की ती हवा समाधानकारक. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. भाषांतर करताना मी या शब्दापाशी अडले. समाधान कोणाचे, हे मुळातच सांगितलेले नाही. ६१ ते ९० ला ‘मध्यम’ म्हणतात. आकडा उघड आहे, रोज फोनवर येतो, पण नाव असे ठेवले आहे की वाचणाऱ्याने पुढे विचारू नये. लिफ्टमध्ये लोक तो आकडा राशिभविष्यासारखा एकमेकांना सांगतात आणि कामाला जातात. इथे अडाणी कोणाला म्हणायचे?

म्हणून नारळीकरांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे लोकविज्ञान या कथेत नाही. ते त्यांनी नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर घेतलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीत आहे. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या, आणि कोणते मूल कोणत्या गटातले ते त्याने ओळखायचे. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे छापून आले, पण ते समजायला ना दुर्बीण लागते, ना केंब्रिज. नाणे सगळ्यांच्या खिशात असते. कसोटी आधी सांगितली, ज्योतिषांनाच बोलावले, निकाल उघड केला. कथेतल्या शास्त्रज्ञांनी यातले काहीच केले नव्हते. चार वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात दाभोलकरांचा खून झाला.

मला ‘धूमकेतू’ टाकून द्यायची नाही. ती वेगवान आहे, आणि एक मराठी लेखक बंगाली घरात असा सहज वावरतो, हेही मला भावते. पण आता ती वर्गात शिकवायची झाली, तर मी मुलांना कथेत एक प्रसंग भरायला सांगेन: लंडनला निघण्यापूर्वी दत्तदा बॅग बाजूला ठेवतात, स्वयंपाकघरात जातात आणि कागदावर धूमकेतूची कक्षा काढून इंद्राणीदेवींना दाखवतात. त्यावर त्या काय म्हणतात, ते मुलांनीच लिहावे.