वाटेवरचे आकाश

मराठी प्रवासवर्णनाला मुक्काम प्रिय आहे. वाटेशी त्याचे फारसे सख्य नाही. लेखक घराचा उंबरठा ओलांडतो आणि पुढच्याच परिच्छेदात इष्ट स्थळी पोहोचतो. मधल्या शेकडो मैलांची बोळवण ‘प्रवास सुखाचा झाला’ एवढ्या एका वाक्यात होते.

हे नेहमीच असे नव्हते. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघाले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ (१९०७) या ग्रंथात वाटेला मुक्कामाइतकेच महत्त्व आहे. पायी चालणाऱ्याला ती टाळता येत नव्हती. पुढे वाहने वेगवान झाली आणि वाट आखडली. ‘अपूर्वाई’ने (१९६०) माणसांच्या तऱ्हांतून परमुलूख जिवंत केला, हे तिचे यश निर्विवाद आहे. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र तिच्यातल्या गमती तेवढ्या उचलल्या.

आपल्यापैकी कित्येकांच्या परिचयाचा धुळे-इंदूर रस्ता घ्या. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. तापीचे सपाट खोरे मागे पडते, शिरपूरपुढे सातपुडा आडवा येतो, बिजासनचा घाट ओलांडला की सेंधवा. मग निमाडचा कापसाचा मुलूख, खलघाटाला नर्मदा, आणि शेवटी विंध्याचा चढ. तोवर आकाश दोन डोंगररांगांच्या मध्ये असते. माळव्याच्या पठारावर ते थेट काळ्या जमिनीवर टेकते. आषाढात दूरच्या गावावर सर कोसळताना दिसते आणि आपल्या काचेवर थेंबही नसतो. पाण्याचीही दिशा येथे फिरते. तापी आणि नर्मदा पश्चिमेस समुद्राकडे जातात; महूजवळ जानापावला उगम पावणारी चंबळ मात्र उत्तरेची वाट धरून यमुनेला मिळते.

एवढे ऐश्वर्य आपल्या गद्यात का उतरले नाही? माझ्या मते, आपली निसर्गाची भाषा प्रामुख्याने कोकणात आणि सह्याद्रीत घडली. झरा, पायवाट, माडाची सावली, अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर तिची नजर स्थिरावते. ज्याला कडा नाही अशा विस्तारापुढे ती ‘विशाल’, ‘अथांग’ अशी विशेषणे उधळते आणि थकते.

यावरचा उपाय दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) आहे. बारा महिन्यांच्या या पुस्तकाचे बळ नावीन्यात नसून पुनर्दर्शनात आहे. तेच झाड, तेच आभाळ. बदलतो तो महिना. परिचयाने दृष्टी बोथट होते, असा आक्षेप यावर येईल. पण दृष्टी बोथट होते ती परिचयाने नव्हे, नोंद न ठेवल्याने. पर्यटक सातपुड्याचा पळस एकदाच फुललेला पाहतो; बदलीच्या गावाहून वर्षातून चारदा घरी जाणारा अधिकारी त्याला निष्पर्ण, फुललेला आणि हिरवा, अशा तिन्ही रूपांत पाहतो. हा अधिकार दुसऱ्या कोणाचा आहे?

हे काम तातडीचेही आहे. माळव्यात ज्वारीच्या जागी १९७० नंतरच्या दशकांत सोयाबीन पसरले. रस्ता चौपदरी होताना कडेची जुनी झाडे गेली. त्या सावलीत शिदोरी सोडलेली मराठी कुटुंबे असंख्य असतील. त्या सावलीचे वर्णन मराठीत शोधावे लागते. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचे आयुष्य दोन घरांत विभागलेले असते, आणि ती घरे जोडते ती हीच वाट. ती लिहिली गेली नाही, तर त्या आयुष्याचा मधला भाग साहित्यात कोराच राहील.