बदलीचे हुकूम : ‘स्पॉटलाइट’ या चित्रपटाच्या निमित्ताने

धर्मगुरूंनी बालकांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचा विषय निघाला की आपल्या कुटुंबांतून साधारणतः दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, ‘हे सारे ख्रिस्तसभेला बदनाम करण्यासाठी चालले आहे’ ही. दुसरी, विषय बदलण्याची. टॉम मॅकार्थी यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्पॉटलाइट’ हा २०१५ सालचा अमेरिकन चित्रपट या दोन्ही प्रतिक्रियांचा अपुरेपणा दाखवून देतो. २०१६ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास, व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने हा चित्रपट कॅथलिकविरोधी नाही असा निर्वाळा दिला. तेव्हा तो पाहण्यास श्रद्धेची अडचण नसावी. अडचण आहे ती त्यातून निष्पन्न होणाऱ्या प्रश्नांची.

कथानक सत्य घटनांवर आधारलेले आहे. बॉस्टन हे अमेरिकेतील कॅथलिकबहुल शहर. तेथील ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकात २००१ साली मार्टी बॅरन हे नवे संपादक येतात. ते ज्यू आहेत, अविवाहित आहेत आणि या शहरात परके आहेत. फादर जॉन गेगन या धर्मगुरूवरील आरोपांविषयी आपल्याच वृत्तपत्रात आलेला एक स्तंभ ते वाचतात आणि या प्रकरणाचा पाठपुरावा का झाला नाही, असा साधा प्रश्न विचारतात. शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘स्पॉटलाइट’ या चौघांच्या गटाकडे ते काम सोपवले जाते. हे चौघेही कॅथलिक घरांत वाढलेले. ६ जानेवारी २००२ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या रविवारी, पहिला वृत्तांत प्रसिद्ध होतो आणि चित्रपट तेथेच संपतो.

कलाकृती म्हणून या चित्रपटाचा पहिला गुण म्हणजे त्याचा संयम. अत्याचाराचे एकही दृश्य पडद्यावर येत नाही. येतात ती कार्यालये, तळघरातील कपाटे, न्यायालयाच्या खिडक्या, दारे ठोठावणारी माणसे. पार्श्वसंगीत मागेच राहते. नाताळच्या दिवसांत एक वार्ताहर चर्चमध्ये उभा राहून मुलांचे भक्तिगीत ऐकतो, एवढ्या एका प्रसंगात दिग्दर्शक जे साधतो ते रडारड करून साधले नसते. दुसऱ्या एका वार्ताहराला कळते की आरोप असलेल्या धर्मगुरूंना ठेवण्याचे एक ‘उपचारगृह’ आपल्याच घराच्या कोपऱ्यावर आहे. वृत्तांत गुप्त ठेवायचा असल्याने त्याला शेजाऱ्यांना सांगता येत नाही. आपल्या मुलांसाठी मात्र तो फ्रिजवर त्या घरापासून दूर राहण्याची चिठ्ठी लावतो. आईबाप असलेल्या कोणाही प्रेक्षकाच्या काळजाला ही चिठ्ठी भिडते.

परंतु माझ्या मते चित्रपटाचा गाभा एका नीरस वाटणाऱ्या प्रसंगमालिकेत आहे. वार्ताहर महाधर्मप्रांताच्या वार्षिक निर्देशिका काढून बसतात. कोणता धर्मगुरू कोणत्या वर्षी कोणत्या धर्मग्रामात होता, याच्या त्या याद्या. एकेक नाव पट्टीखाली धरून वाचले जाते. जे धर्मगुरू वारंवार बदलले गेले, त्यांच्या नावापुढे ‘आजारपणाची रजा’, ‘नेमणूक नाही’ असे ठरावीक शब्द दिसू लागतात. पूर्वाश्रमीचे धर्मगुरू व मानसोपचारतज्ज्ञ असलेले रिचर्ड साइप यांनी दूरध्वनीवरून अंदाज दिलेला असतो : दीड हजार धर्मगुरूंपैकी सुमारे नव्वद. निर्देशिका चाळून वार्ताहरांच्या हाती येते ती संख्या सत्याऐंशी. म्हणजे कोणतीही गुप्त फाइल न फोडता, प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात असणाऱ्या छापील पुस्तकातूनच सत्य वाचता येत होते. ते कोणी वाचले नाही, इतकेच.

येथे समीक्षकाने शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘आजारपणाची रजा’ या शब्दांत कोणीही पीडित नाही. आजारी आहे तो धर्मगुरू. सहानुभूतीचा धनीही तोच. ‘बदली’ या शब्दातही एक मूल, एक घर, एक झोपमोड झालेली आई कोठेच नाही. प्रशासनाची भाषा अशी असते की तिच्यातून माणूस गळून पडला तरी वाक्य व्याकरणशुद्ध राहते. चित्रपटातील संपादक म्हणूनच एकट्यादुकट्या धर्मगुरूच्या मागे लागू देत नाहीत. ते व्यवस्थेची कथा लिहायला सांगतात.

न्यायालयाच्या आदेशाने खुली झालेली कागदपत्रे या बाबतीत चित्रपटापेक्षाही बोलकी आहेत. एका कुटुंबातील सात मुलांवर गेगनने अत्याचार केले होते. त्या मुलांच्या एका नातलग स्त्रीने १९८२ साली तत्कालीन कार्डिनलना पत्र लिहिले आणि १९८४ साली नव्याने आलेल्या आर्चबिशप बर्नार्ड लॉ यांनाही लिहिले. ती श्रद्धावंत होती. ख्रिस्तसभेला धक्का लागू नये म्हणूनच ती वर्तमानपत्राकडे न जाता आपल्या मेंढपाळाकडे गेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेगनची नेमणूक वेस्टन येथील दुसऱ्या धर्मग्रामात झाली. डिसेंबरमध्ये सहायक बिशप जॉन डार्सी यांनी या नेमणुकीला लेखी हरकत घेतली. तरीही ती नेमणूक टिकली. पुढे उपचार झाले, डॉक्टरांचे अनुकूल अहवाल आले आणि १९९३ सालापर्यंत हा मनुष्य धर्मग्रामात राहिला. तीन दशकांत सहा धर्मग्रामे आणि एकशे तीसहून अधिक तक्रारदार, असा हा हिशेब आहे. १९९८ साली त्याचे याजकपद काढून घेण्यात आले. २००२ साली न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली आणि २००३ साली तुरुंगात एका कैद्याने त्याचा खून केला.

म्हणजे ‘वरच्यांना ठाऊक नव्हते’ हे खरे नाही, आणि ‘ख्रिस्तसभेत सांगणारे कोणी नव्हते’ हेही खरे नाही. एका प्रापंचिक स्त्रीने सांगितले, एका बिशपांनी सांगितले. ऐकले गेले नाही. याचे कारण केवळ दुष्टपणा मानणे सोपे आहे. पण त्यामागे चुकीचे धर्मशास्त्रही होते, आणि त्याविषयी धर्मगुरूने लिहिले पाहिजे.

पहिली चूक ‘स्कँडल’ या संकल्पनेची. नीतिशास्त्रात या शब्दाचा अर्थ, आपल्या वागण्याने दुसऱ्याला अडखळण होणे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू लहानग्यांना अडखळवणाऱ्याविषयी बोलतो, तेव्हा जात्याच्या तळीचा दाखला देतो. त्याची काळजी लहानग्याची आहे. व्यवहारात मात्र ‘स्कँडल’ म्हणजे ‘गवगवा’ असा अर्थ रूढ झाला आणि अत्याचार करणाऱ्याऐवजी तो बोलून दाखवणारा अडखळण ठरू लागला. दुसरी चूक क्षमेची. पापनिवेदनात पश्चात्तापी माणसाला देवाची क्षमा मिळते. पण क्षमा म्हणजे पदाचा हक्क नव्हे. ज्याचे पाप क्षमा झाले त्याच्या हाती वेदीसेवक मुलांना पुन्हा सोपवावे, असे कोणताही संस्कार सांगत नाही. तिसरा गोंधळ गुप्ततेचा. पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे आणि राहिली पाहिजे; परंतु एखादी आई धर्मगुरूच्या कार्यालयात येऊन तक्रार करते ते पापनिवेदन नव्हे. तिची तक्रार त्या मुद्रेखाली लपवता येत नाही.

या संदर्भात जॉन पॅट्रिक शॅन्ली यांचे ‘डाउट’ हे २००४ सालचे नाटक व त्यावरील २००८ सालचा चित्रपट आठवावा. १९६४ साली न्यू यॉर्कमधील एका कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या धर्मभगिनीला एका लोकप्रिय फादरांविषयी संशय येतो. पुरावा तिच्याकडे नाही आणि दाद मागण्याचा प्रत्येक मार्ग पुरुषांच्या हाती आहे. अखेरीस त्या फादरांची बदली होते, तीही बढतीवर. ‘डाउट’ प्रेक्षकाला संशयात सोडते, तर ‘स्पॉटलाइट’ खात्रीकडे नेतो. साहित्यगुणांच्या दृष्टीने नाटक अधिक गुंतागुंतीचे आहे यात शंका नाही. तरीही दोन्ही कलाकृतींच्या शेवटास एकच कागद आहे : बदलीचा हुकूम. चौकशी झाली असती तर निर्दोष धर्मगुरूचे नाव स्वच्छ झाले असते आणि दोषी थांबला असता. बदलीने दोघांनाही न्याय मिळत नाही. खोट्या आरोपाची भीती वाटणाऱ्या धर्मगुरूंनी तरी हे ध्यानात घ्यावे की झाकपाक हा त्यांचा मित्र नाही.

‘स्पॉटलाइट’मध्ये उणिवा आहेत. पीडित माणसे येतात, बोलतात आणि कथानकातून निघून जातात. त्यांचे उरलेले आयुष्य, त्यांची प्रार्थना किंवा प्रार्थनेचा झालेला अंत आपल्याला दिसत नाही. प्रामाणिकपणे सेवा करणाऱ्या आणि आपल्या पांढऱ्या झग्याकडे लोक संशयाने पाहू लागल्यावर आतून मोडलेल्या धर्मगुरूच्या मनाकडे चित्रपट वळतच नाही. मात्र तो पत्रकारांनाही देव्हाऱ्यात बसवत नाही. आरोप असलेल्या वीस धर्मगुरूंची माहिती १९९३ सालीच वृत्तपत्राकडे आली होती आणि आतल्या पानावर विरून गेली होती; त्या वेळी शहरविभागाचा संपादक कोण होता, याचे उत्तर गटप्रमुखाला स्वतःविषयीच द्यावे लागते. वकील, पोलीस, शाळा, वृत्तपत्र, शेजारी : मौनात सर्वांचा वाटा होता. या न्यायीपणामुळेच चित्रपटाला आरोपपत्राहून अधिक उंची लाभते.

चित्रपट संपतो तेथे खणखणणारे दूरध्वनी आहेत. पुढचा इतिहास वाचकाने स्वतः जोडून घ्यावा. डिसेंबर २००२ मध्ये कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला; २००४ साली त्यांना रोममधील सेंट मेरी मेजर या महामंदिराचे प्रमुखपद मिळाले. बॉस्टनमधील पीडितांनी ही बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करावी. जॉन जे महाविद्यालयाच्या २००४ सालच्या अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात अमेरिकेतील ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाले. हे प्रमाण सुमारे चार टक्के आणि आरोप करणाऱ्या व्यक्तींची संख्या १०,६६७. ‘शहाण्णव टक्के तर चांगले आहेत ना’ असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण प्रश्न टक्केवारीचा नसून तक्रार आल्यावर काय केले याचा आहे.

जून २००२ मध्ये डॅलस येथे अमेरिकन बिशपांनी कडक नियम केले : एक जरी अत्याचार सिद्ध झाला तरी तो धर्मगुरू सेवेतून कायमचा दूर. मात्र त्या नियमांत स्वतः बिशप नव्हते. त्या नियमांचा हिरिरीने पुरस्कार करणारे कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक यांच्यावरील आरोप २०१८ साली उघड झाले आणि २०१९ साली त्यांचे याजकपद गेले. व्हॅटिकनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्याविषयीच्या अहवालात एका आईची हकिकत आहे. तिने १९८०च्या दशकात धर्माधिकाऱ्यांना निनावी पत्रे लिहून सावध करण्याचा प्रयत्न केला होता. बॉस्टनच्या त्या स्त्रीप्रमाणेच तिचाही आवाज कागदावरच राहिला.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हे आज्ञापत्र काढले आणि २०२३ साली ते कायम झाले. त्यानुसार तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात असली पाहिजे. धर्मगुरू व व्रतस्थांवर माहिती कळवण्याचे बंधन आहे. तक्रारदारावर मौन लादता येत नाही. बिशपांविरुद्धच्या तक्रारींचीही पद्धत ठरली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये या प्रकरणांवरील ‘पोंटिफिकल गुप्तता’ उठवली गेली. ही पावले मोठी आहेत. उणीव आहे ती अशी की बिशपांची चौकशी बहुधा बिशपांच्याच हाती राहते आणि जाणकार प्रापंचिकांचे साहाय्य घेणे ऐच्छिक आहे.

आपल्या देशात तर प्रश्न केवळ ख्रिस्तसभेच्या नियमांचा नाही. नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार, बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे आणि संस्थाप्रमुखाला त्याची शिक्षा अधिक आहे. बिशप, मुख्याध्यापक वा धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू यांना त्यातून वेगळे काढलेले नाही. म्हणून आईवडिलांनी दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. मुलाने काही सांगितले तर ‘फादरांविषयी असे बोलू नये’ हे वाक्य तोंडून काढू नये. आधी पुरते ऐकून घ्यावे. आणि धर्मप्रांताकडे तक्रार करणे हे पोलिसांकडे जाण्याला पर्याय समजू नये.

धर्मग्रामाच्या पातळीवरही विचारण्यासारखे प्रश्न आहेत. आपल्या धर्मप्रांतात तक्रार स्वीकारणारी व्यक्ती कोण, तिचा पत्ता चर्चच्या सूचनाफलकावर आहे काय, तिच्याबरोबर एखादी स्त्री व एखादा कायदा जाणणारा प्रापंचिक आहे काय, तक्रारदाराला पुढे काय झाले ते कळवले जाते काय? धर्मग्राम परिषदेने हे विचारणे म्हणजे आपल्या धर्मगुरूवर अविश्वास दाखवणे नव्हे. आर्थिक हिशेब तपासला म्हणून खजिनदार चोर ठरत नाही; उलट प्रामाणिक खजिनदारालाच तो तपास हवा असतो.

‘स्पॉटलाइट’मधील एका वार्ताहराची आजी नियमाने मिस्साला जाणारी. नातीने लिहिलेला वृत्तांत ती टेबलापाशी बसून वाचते आणि थोडे पाणी मागते. ती नातीला दोष देत नाही, वर्तमानपत्र फाडत नाही, वाचत राहते. ख्रिस्तसभेवर प्रेम करणाऱ्या माणसाने असे प्रकरण कसे वाचावे, याचे उत्तर या म्हातारीपाशी आहे. आपल्या घरातील मोठ्यांनी हा चित्रपट एकत्र पाहावा आणि नंतर विषय बदलू नये.